रेनेलची खोली

ऑल्टनने ट्रेलरच्या मागच्या अंगाला खुंट्या ठोकून सुतळी ताणली, तेव्हा वेल्डा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून पाहत होती, आणि तिला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, या माणसाने आपलं ऐकलं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तो लांबोडका पत्र्याचा डबा एका ट्रकमागून धापा टाकत ओझार्कच्या डोंगरातल्या या उतारावर चढला होता. तेव्हाही तो नवा नव्हता, कुणीतरी वापरून सोडलेलाच होता. ऑल्टनने त्याची चाकं काढली, त्याला सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलं, खालची पोकळी पत्र्याने झाकली, आणि पाहता पाहता त्याचं घर झालं. मात्र अरुंद इतकं, की बोळातून एकजण येत असला तर दुसऱ्याने न्हाणीघरात शिरून वाट द्यायची. वेल्डाचं शिवणयंत्र जेवणाच्या टेबलावर असायचं आणि जेवायच्या वेळी ते उचलून पलंगावर ठेवावं लागायचं. "मागे एक खोली वाढवू या रे," असं ती दर वसंतात म्हणायची आणि ऑल्टन दर वसंतात "बघू" म्हणायचा. लाकडाच्या गिरणीतून तो गेल्या पानगळीत निवृत्त झाला. यंदा डॉगवुडच्या झाडांची पांढरी फुलं गळून गेली आणि त्याने काही न बोलता कुदळ उचलली.

"ट्रेलरला टेकवून नाही बांधता येणार," पहिल्या दिवशी खड्डे खणताना तो म्हणाला. "याच्या भिंती म्हणजे बिस्किटाचा डबा. नव्या छपराचं ओझं आलं की हा बसलाच. नवी खोली आपल्या पायांवर उभी राहील. नुसती शेजारी."

"म्हणजे दोन घरं."

"दोन घरं. मधे एक पत्र्याची पट्टी, पाऊस आत येऊ नये म्हणून. तीही एकाच बाजूला ठोकायची. हिवाळ्यात जमीन फुगली की हे इकडे सरकतं, ते तिकडे. घट्ट बांधलं तर फाटतं."

एवढं सलग तो एरवी बोलत नसे. वेल्डा त्याला थंडगार गोड चहाचा ग्लास देऊन तिथेच पायरीवर बसली. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं सगळं आयुष्य पोरांच्या ताटांत बटाटे वाढण्यात गेलं होतं, आणि सुट्टीत पहिले काही दिवस तिला हात रिकामे वाटायचे. यंदा तसं वाटलं नाही. खड्ड्यांत सिमेंट पडलं, त्यावर खांब उभे राहिले, खांबांवर तुळया बसल्या, आणि एका सकाळी पाहावं तर चक्क जमीन तयार होती. ताज्या पाइनच्या फळ्यांचा वास ट्रेलरभर भरून राहिला. वेल्डा अनवाणी त्या जमिनीवर फिरली. यंत्र इथे ठेवायचं, कापडांची फळी तिथे, आणि त्या कोपऱ्यात एक आरामखुर्ची, असा सगळा संसार तिने मनात मांडला.

भिंतींचा सांगाडा आखायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "खिडकी उत्तरेला कर. शिवताना तोच उजेड बरा, डोळ्यावर येत नाही."

ऑल्टन गुडघ्यावर बसून फळीवर पेन्सिलीने खूण करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पूर्वेला करू या ना. रेनेलला सकाळचं ऊन लागतं."

"कुणाला?"

त्याची पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात वेल्डाने त्याचा राग पाहिला होता, कंटाळा पाहिला होता, बापाला पुरताना त्याचं कोरडं रडणंही पाहिलं होतं. पण ही नजर तिने पाहिलेली नव्हती. आजारी माणसाला काही कळू द्यायचं नसलं की आपण जसं पाहतो, तसं तो तिच्याकडे पाहत होता.

"राहू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "उत्तरेलाही एक ठेवू."

त्या दिवशी तिने पुढे काही विचारलं नाही. जीभ घसरते माणसाची. पण भांडी विसळताना ते नाव तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. शाळेतल्या इतक्या वर्षांतल्या एकूण एक पोराचं नाव तिला तोंडपाठ होतं, कुणाला मका चालत नाही, कुणाला दूध बाधतं, सगळं. रेनेल नावाची मुलगी त्या शाळेत कधी आली नव्हती.

त्यांना मूल नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं ती लिटल रॉकच्या डॉक्टरांकडे जात होती. मग एका वर्षी जायचं राहून गेलं, पुढच्या वर्षी दोघांनी तो विषयच काढला नाही, आणि मग त्याची सवय झाली. सासऱ्यांनी अक्रोडाच्या लाकडाचा पाळणा करून ठेवला होता, तो तिने स्वतःच्या हाताने चर्चमधल्या एका पोरसवदा जोडप्याला देऊन टाकला. दुःख होतं, पण घरातल्या जुन्या सामानासारखं एका कोपऱ्यात बसलेलं होतं, जाता-येता त्याला ठेच लागत नसे. म्हणून तिला पहिली शंका आली ती साधी, कुठल्याही बाईला येईल तीच. ऑल्टनची कुणीतरी मुलगी आहे. दुसऱ्या बाईपासून झालेली. आता ती इथे राहायला येणार आहे, आणि खोली तिच्यासाठी चालली आहे.

आठवडाभर ही शंका उराशी धरून ती हिंडली. रस्त्यापलीकडची आर्डिथ टोमॅटोची रोपं घेऊन आली तोवर तिच्या मनाची सोलवटलेल्या कातडीसारखी अवस्था झाली होती. आर्डिथ तिच्याहून थोडी मोठी, विधवा, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या हातांची. तिने रोपं खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून नव्या भिंतींकडे पाहिलं.

"छान होतेय हं रेनेलची खोली. या ऑल्टनने गिरणीत उगाच जन्म घालवला. सुतारकी केली असती तर आज बंगल्यात राहिली असतीस."

वेल्डाचे कान गरम झाले. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. "तुला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"रेनेलचं."

आर्डिथच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिने हात मागे पुसले आणि वेल्डाचं मनगट धरलं.

"अगं, असं काय विचारतेस? ती झाली तेव्हा मीच नव्हते का तुझ्याबरोबर? ऑल्टन गिरणीत अडकला होता, सगळा रस्ता बर्फाने गोठलेला. मी गाडी चालवत होते आणि तू मागच्या सीटवर आडवी पडून मला शिव्या देत होतीस. त्याआधी तुझ्या तोंडून मी शिवी ऐकली नव्हती कधी."

वेल्डाने हात सोडवून घेतला. ती काहीतरी बोलली, बहुतेक रोपांबद्दल, आणि आत गेली. न्हाणीघराचं दार लावून तिने झगा वर उचलला. पोटावर खाली एक आडवी, फिकट खूण होती. ती होतीच, ॲपेंडिक्स काढल्याची. ती जन्मभर असंच सांगत आली होती. आता तिने त्या खुणेवरून बोट फिरवलं आणि ॲपेंडिक्स पोटाच्या कुठल्या बाजूला असतं ते आठवायचा प्रयत्न करू लागली. काही केल्या तिला ते आठवेना.

तिने तुल्साला बहिणीला फोन लावला. मॅक्सीन तिची सख्खी धाकटी बहीण. दोघी एका पलंगावर झोपून वाढलेल्या. तिच्यापासून काही लपलं नसतं.

"झाली का खोली?" मॅक्सीनने आधी तेच विचारलं. "पडद्यांना पिवळं कापड घे. आठवतं का, तिला मी तो पिवळा फ्रॉक शिवला होता? काढायलाच तयार नव्हती."

"कोण, मॅक्सी?"



"आज बरं आहे ना तुला?" मॅक्सीनचा आवाज एकदम मऊ झाला होता. "ऑल्टन आहे का तिथे? त्याला दे जरा."

वेल्डाने फोन ऑल्टनच्या हातात दिला आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. खिडकीतून तो दिसत होता. भिंतीकडे तोंड करून, फोनची वायर बोटाला गुंडाळत, तो मान हलवत होता. मधेच त्याने पालथ्या मुठीने डोळे पुसले.

त्या दुपारी तिने सगळं घर उपसलं. फोटोंचे डबे, बायबलची पानं, पलंगाखालच्या पेट्या. लग्नाचे फोटो निघाले, मॅक्सीनच्या पोरांचे निघाले, मेलेल्या कुत्र्याचेही निघाले. पिवळ्या फ्रॉकमधली कुणी मुलगी त्यांत नव्हती. सगळ्या पसाऱ्यात मधोमध बसून वेल्डाला इतकं हायसं वाटलं की तिला रडू आलं. तो एक डबा उचलून ती बाहेर आली. ऑल्टन नव्या खोलीच्या पायरीवर बसून वाशांचे कोन घासत होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून तुझी मुलगी आहे का? मी भांडणार नाही. या वयात काय भांडायचं. पण मला वेडी ठरवू नका सगळे मिळून."

"आपलीच आहे, वेल्डा."

"आपल्याला मूल झालं नाही, ऑल्टन."

त्याने घाईने मागे, उघड्या सांगाड्याकडे पाहिलं. "असं मोठ्याने बोलू नको," तो म्हणाला. "ऐकू जाईल तिला."

वेल्डाही त्या दिशेला पाहत राहिली. खोलीला अजून भिंती नव्हत्या, नुसते उभे खांब होते आणि त्यांतून पलीकडचं गवत दिसत होतं.

"हे बघ," तिने डबा पुढे केला. "एक फोटो नाही. आपली होती तर एखादा फोटो नसता का?"

"माझ्याकडेही नाही." तो शांतपणे बोलत होता. त्याच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "खरं सांगू? मला तिचा चेहराही नीट आठवत नाही. पाठमोरी आठवते. त्या ओढ्याकडे जाताना. एवढंच आहे माझ्याकडे."

"मग कुठे आहे ती?"

"येईल ना," ऑल्टन म्हणाला. "आजवर तिला यायला जागाच कुठे होती?"

पुढचे काही दिवस वेल्डा त्याच्याशी बोलली नाही. तो काम करत राहिला. चर्चमधला क्लोव्हिस छपराला मदत करायला आला, शिडीवरून तिला म्हणाला, "वेल्डाताई, तिला पावसाचा आवाज आवडायचा ना? म्हणून पत्राच घालतोय. वर डांबरी तावांची भानगडच नको." ती आत गेली. सगळ्यांकडे काहीतरी एकेक होतं. आर्डिथकडे तो बर्फातला रस्ता होता, मॅक्सीनकडे फ्रॉक, ऑल्टनकडे ओढ्याकडे जाणारी पाठ, या परक्या माणसाकडेसुद्धा पत्र्यावरचा पाऊस. ज्या बाईच्या पोटी ती जन्मली म्हणत होते, तिच्याकडे तेवढं काहीच नव्हतं. आपल्यावर कुणीतरी अन्याय करतंय की आपणच कुणावर तरी भयंकर अन्याय केलाय, हेच तिला ठरवता येईना. आणि कधी कधी, कपडे वाळत घालताना वगैरे, तिला नुसता हेवा वाटायचा.

भिंती झाल्या, छप्पर झालं, दोन्ही खिडक्या बसल्या. मग ऑल्टनने ट्रेलरची मागची भिंत कापली. वेल्डा आत, बोळाच्या टोकाला उभी होती. करवतीचं पातं लाकडी पॅनेलमधून आत आलं, खाली सरकलं, वळलं. कापलेला तुकडा त्याने बाहेर ओढून घेतला आणि ज्या बोळात इतक्या वर्षांत दिवसाही दिवा लावावा लागायचा, तिथे एकदम उजेड आला. ऑल्टन कापलेला पत्रा टाकून यायला पुढच्या अंगणात गेला. सगळीकडे भुसा पडला होता. वेल्डाने सवयीने झाडू घेतला आणि ती नव्या खोलीत शिरली.

ती झाडत होती ते विचार न करता, शाळेतल्या जेवणघराची जमीन झाडावी तसं. मनात भलतंच चाललं होतं, मॅक्सीनला आता काय सांगायचं, आणि असंच काहीबाही. भुशाचा ढीग दाराशी आला तेव्हा सुपली घ्यायला ती वळली, आणि तिने पाहिलं. पूर्वेच्या खिडकीखाली भुसा तसाच होता. भिंतीला लागून एक लांबट चौकोन, कडा सरळ, कोपरे नीट. तिने त्याच्या भोवतीने झाडलं होतं. तिथे काहीतरी आहे हे धरूनच तिचा हात वळला होता, आणि ज्या बाजूला ती उभी होती तिथे तिच्या पावलांचे ठसे होते. चौकोनाच्या कोपऱ्याशी तिने कंबर जरा बाजूला घेतलेली त्यांतून कळत होती, पलंगाची कड लागू नये म्हणून आपण घेतो तशी.

ती झाडू धरून उभी राहिली. बाहेर ऑल्टन पत्रा आपटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने तिने वाकून तो भुसा हाताने गोळा केला.

त्या दिवसापासून तिने नाही म्हणणं सोडलं. आठवलं तर तिला काहीच नव्हतं, पण नाही म्हणण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. आणि खरं तर इच्छाही. पिवळ्या कापडाचे पडदे तिने शिवले. मग चिंध्यांच्या पेटीतून तुकडे जुळवत ती गोधडी शिवायला बसली, दुहेरी पलंगाला पुरेल अशी ऐसपैस. रेनेल आता कशी असेल याचा तिने हिशेब केला होता. तो बर्फाचा हिवाळा म्हणजे ऑल्टन गिरणीत लागला त्याच्या आसपासचा. म्हणजे चांगली मोठी बाई असणार. कदाचित केसांत एखादा पांढरा असणार. ऑल्टनने गोधडी पाहिली, हातात घेऊन चाचपली. "जरा मोठी झाली," तो म्हणाला, "पण राहू दे. छान आहे."

संध्याकाळी काम संपलं की दोघं नव्या पायरीवर बसायची. मक्याच्या पावाचा तुकडा दुधात कुस्करून खाता खाता ती त्याला विचारायची आणि तो त्याला सुचेल तेवढं सांगायचा. ती डावखुरी होती बहुतेक. तिला कोंबड्यांची भीती वाटायची. ओढ्यातले चपटे दगड ती खिशात भरून आणायची. या गप्पांत त्यांना दिवस बुडाल्याचं कळायचं नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काढून त्यांना बोलायला असं काही नव्हतंच. वेल्डा हसायची सुद्धा, आणि हसता हसता तिच्या छातीत कळ यायची, कारण हे सगळं ती कुण्या शेजारणीच्या मुलीबद्दल ऐकावं तसं ऐकत होती.

"मला काय म्हणायची ती?" तिने एकदा विचारलं. हा प्रश्न विचारायला तिला फार दिवस लागले होते.

ऑल्टनने वाटी खाली ठेवली. "आईच म्हणायची. तुझ्या मागे मागे फिरायची आणि सारखी हाका मारायची." तो थांबला. "मग तू ओ देईनाशी झालीस."

"मी?"

"तुला ऐकू येत नव्हतं, वेल्डा. तुझा काही दोष नव्हता. तिला मी तसं सांगितलंही होतं. पण लेकरूच ते."

तिने तोंडावर पदरासारखा एप्रन ओढून घेतला आणि ती रडली. आपल्या हातून घडलेलं पाप आपल्यालाच माहीत नसावं, याचं ते रडणं होतं. ऑल्टन तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. नव्या खोलीचं दार त्यांच्या मागे उघडंच होतं.

रंग वाळला त्या रविवारी, चर्चनंतर, मंडळी जमली. आर्डिथने पीच भरून भाजलेला गोड पाय-केक आणला, क्लोव्हिस इस्त्रीचा शर्ट घालून आला, मॅक्सीन तुल्साहून गाडी चालवत आली आणि आल्या आल्या तिने वेल्डाला बराच वेळ मिठीत धरून ठेवलं. दुपारचं ऊन होतं. पिवळ्या पडद्यांनी खोली आतून उजळली होती. पलंगावर गोधडी अंथरलेली होती. सगळेजण भिंतीच्या कडेकडेने उभे राहिले. अंगणाकडच्या दारापाशी ऑल्टन टोपी हातात घेऊन उभा होता. मग त्याने दार पूर्ण उघडलं आणि तो एका बाजूला झाला.

"ये," तो म्हणाला.

वेल्डाने पाहिलं. कपडे वाळत घालायची दोरी होती, गवत होतं, त्यापलीकडे ओढ्याकडे उतरणारी पायवाट होती. दारात ऊन होतं, आणखी काही नव्हतं. पण तिच्या शेजारी मॅक्सीनने तोंडावर हात ठेवला, क्लोव्हिसने मान खाली घातली, आर्डिथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांच्या नजरा दारातून आत सरकत आल्या, हळूहळू, एकदम सगळ्यांच्या. खोलीच्या मध्यापर्यंत आल्या. वेल्डाच्या समोर येऊन थांबल्या.

सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते, आणि ऑल्टनचा चेहरा तर असा झाला होता की तिला तो पाहवेना.

तिला एकच कळलं, की या वेळी ओ द्यायची आहे. "आले गं," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला ओळखू आला नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. पण हात कुठवर न्यायचे, हे तिला माहीत नव्हतं. आपल्या मुलीचा खांदा कुठे येतो, ती आपल्याहून उंच आहे की बुटकी, एवढंही तिला ठाऊक नव्हतं. हात तसेच हवेत, तिच्या स्वतःच्या खांद्यांच्या उंचीवर थांबले.

तेव्हा आर्डिथ पुढे आली. तिने वेल्डाचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि खाली आणला. छातीखाली, कमरेखाली, आणखी जरा खाली, आणि तिथे, लहान पोरीचं डोकं येतं तेवढ्या उंचीवर, तो अलगद सोडला.

वेल्डाने तो हात तिथून हलवला नाही.